टांग्यामागची बेबी मोटार

सन १९२७, दसरा. रक्कम रुपये अकराशे पन्नास, रोख. हजर माणसं पाच. गाडी विकणारा गिरणीतला साहेब, गाडी घेणारे आमचे घरमालक वकीलसाहेब, पारख करायला आणलेला मल्लय्या फिटर, वकीलसाहेबांना टांग्यातून तिथवर आणणारा उस्मानभाई, आणि नोटा मोजायला मी. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता, म्हणून एवढ्यात सौदा बसला. वकीलसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्या भाडेकरूंच्या काकू, तिथे नव्हत्या. त्या घरी ओवाळायचं तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

गाडी ढकलत आणावी लागली नाही, एवढं सांगतो. मल्लय्याने पुढे उभं राहून हँडल मारलं, वकीलसाहेबांनी पगडी काढून माझ्या मांडीवर ठेवली, कारण छताखाली पगडी मावत नव्हती, आणि आम्ही उस्मानभाईच्या टांग्यामागून स्टेशनाजवळच्या आमच्या घरी आलो. काकूंनी चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडला, मग त्या वाकून मागच्या बाजूला डोकावल्या.

"हितं माणूस बसायचं का डबा ठिवायचा?"

"बसून तर बघ," वकीलसाहेब म्हणाले.

मागे बसायचं तर पुढची बैठक दुमडून, गुडघे पोटाशी घेऊन आत शिरायचं. काकू नऊवारी नेसणाऱ्या, अंगाने भरलेल्या, आणि गल्लीतली निम्मी माणसं भोवती उभी. त्यांनी एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा बैठकीकडे पाहिलं.

"बेड," त्या म्हणाल्या. काकूंचं माहेर मैंदर्गीचं. एरवी मराठी बोलत, पण नको म्हणायचं झालं की कानडीत म्हणत, आणि मग ते बदलत नसे. वर त्यांनी आणखी एक गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली. "ह्या डब्याला माझ्या कनवटीचा एक आणा मिळायचा न्हाय. आधीच सांगून ठिवते."

वकीलसाहेबांना हे वाईट वाटलं असेल, पण त्यांनी ते वाईट वाटण्यासारखं घेतलं नाही. कोर्टात समोरच्याने हरकत घेतली की ते जसे किंचित मान झुकवत, तशीच त्यांनी मान झुकवली. त्यानंतरची पाच-सहा वर्षं त्या एका हरकतीचं उत्तर देण्यात गेली. मी पाहिलं ते तेवढंच सांगतो.

गाडी विलायतेतल्या एका कंपनीची होती. मोटार म्हणजे संस्थानिकांनी आणि गिरणीमालकांनी ठेवायची वस्तू, असं लोक समजत असताना ह्या कंपनीने बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडेल अशी लहान गाडी काढली. चाकं चार, सिलिंडरही चार, पण सगळं कसं बाळसं धरलेल्या मुलाएवढं. म्हणून लोक तिला बेबी म्हणत. आमची बेबी अगदी पहिल्या खेपांपैकी होती. पेट्रोलची टाकी पुढे बॉनेटखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर. पायाचा ब्रेक दाबला तर मागची दोन चाकं थांबत, हाताचा ओढला तर पुढची दोन. दोन्ही मिळून थांबवायची तर हातपाय दोन्ही मोकळे हवेत.

कंपनी दर वर्षी गाडीत काही ना काही सुधारत असे. दिवाळी झाली की वकीलसाहेब मुंबईच्या एजंटाला लिहीत, 'नवीन मॉडेलचा विचार आहे, कॅटलॉग पाठवावा.' बिचारा एजंट पाठवी. वकीलसाहेब तो लाल पेन्सिल घेऊन वाचत, नव्या गोष्टींवर खुणा करत आणि मला खालून हाक मारत.

"या हो हिशेबनीस, साक्षीला या!"

मी गिरणीच्या हिशेब खात्यात होतो, एवढ्यावरून त्यांनी मला कायमचा साक्षीदार नेमला होता.

"अहो, पण नवी गाडीच का घेत नाही?" मी पहिल्याच वर्षी विचारलं. "जुनी विकून वर किती घालावे लागतील, ते मी काढून देतो."

"चांगला कायदा रद्द करत नाहीत," ते म्हणाले. "त्याला पोटकलम जोडतात. बोलवा मल्लय्याला."

मल्लय्या साखर पेठेत हातमाग दुरुस्त करी. त्याला मोटारीची माहिती आमच्याइतकीच होती, म्हणजे चित्रापुरती. पण लोखंडाला तो भीत नसे. कंपनीने बटणाने सुरू होणारी गाडी काढली होती, म्हणून मल्लय्याने पुण्याहून जुना स्टार्टर आणवून बसवला. गाडी बटणाने सुरू होऊ लागली, मात्र शेजारच्या चाळीतली मुलं रडू लागत, इतका आवाज होई.

प्रत्येक कलम लागू झालं की परीक्षा होई. परीक्षेला पक्षकार असत. करमाळ्याकडचा एक थोराड शेतकरी बांधाच्या भांडणासाठी आला होता. वकीलसाहेबांनी त्याची कागदपत्रं बाजूला ठेवली आणि त्याला आधी गाडीत मागे बसवलं.

"गुडघे कुठे टेकतात?"

"हनुवटीला, सायेब."

"श्वास घेता येतो?"

"घ्येतोय की. पर माज्या बांधाचं काय?"

"तुमचा बांध किती सरकला म्हणता?"

"हातभर."

"इथेही तेवढीच जागा कमी पडते आहे," वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले. "तुमचं दुःख मला कळलं." आणि त्यांनी तो दावा खरोखर मन लावून चालवला.

आता सोमवारचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. काकू दर सोमवारी संध्याकाळी उस्मानभाईच्या टांग्यातून सिद्धेश्वराला जात. गाडी येण्याच्या आधीपासूनचा तो नेम. गाडी आल्यावर वकीलसाहेब कोर्टातून येऊन काकूंसोबत जाऊ लागले. सोबत म्हणजे काकू टांग्यात आणि हे मोटारीत. मी त्यांच्या डाव्या हाताला, पगडी मांडीवर घेऊन. टांग्यात मागची सवारी मागे तोंड करून बसते, त्यामुळे काकूंचं तोंड आमच्याकडे असे. त्यांचे पाय टांग्याच्या पायरीवर, आणि पायरीपासून चार हातांवर आमच्या गाडीचं नाक.

"मोटार पुढे काढा की," मी एकदा म्हणालो. "घोड्याच्या मागून मोटार नेणारे आपण सोलापुरात एकटेच असू."

"पुढे गेलो तर टांगा मागून येतोय की नाही, कसं कळणार?" ते म्हणाले. "जोखीम नेहमी नजरेपुढे ठेवावी."

उस्मानभाईला ह्या वरातीची गंमत वाटे. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की तो ओरडून सांगे, "देखो मियाँ, मेरे घोडे के पीछे विलायती घोडा! हौर इसको चारा भी मैं नइं डालता!"

वाटेभर नवरा-बायकोचं काहीतरी चाललेलं असे. काकू दोन बोटं दाखवत. वकीलसाहेब रबरी भोंपू एकदा दाबत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. रात्री जेवायला दोन माणसं जास्त का, हा प्रश्न होता, हे मला पुढे कळलं. काकू एखाद्या दुकानाकडे हात करून भुवया उंचावत, हे दोनदा भोंपू वाजवत. काकू तोंड फिरवत. मग हे एकदा वाजवत, हळूच. काकू हसत. मला वाटे, संसारातल्या किरकोळ गोष्टी आहेत, घरीही बोलता येतील. रस्त्यावरच्या माणसांसाठी मात्र वकीलसाहेब भोंपू कधी वाजवत नसत. वाटेत कोणी आलं तर गाडी थांबवून बाहेर डोकं काढत आणि म्हणत, "जरा बाजूला होता का? उपकार होतील." पुढे कंपनीने विजेचा हॉर्न दिला. तेवढं एकच कलम त्यांनी चर्चेशिवाय फेटाळलं. "त्याला एकच आवाज आहे," म्हणाले. ह्यापलीकडे कारण सांगितलं नाही.

ब्रेकांचं कलम मात्र एका रात्रीत मंजूर झालं. वाटेत म्हैस आडवी आली, उस्मानभाईने लगाम खेचला, टांगा जागच्या जागी उभा राहिला. वकीलसाहेबांचा एक हात भोंपूवर होता. त्यांनी नुसता पायाचा ब्रेक दाबला आणि गाडी घसरत पुढे गेली. काकूंनी पाय वर ओढून घेतले. गाडीचं नाक टांग्याच्या पायरीला हलकेच टेकलं.

"अय्य शिवा!" काकू म्हणाल्या. "भेटायची यवडी घाई?"

सगळे हसले. वकीलसाहेब हसले नाहीत, ते उतरून आधी टांग्याची पायरी तपासायला गेले. कंपनीने त्याच सुमारास चारही ब्रेक एकत्र जोडले होते. मल्लय्याने मागाच्या पट्ट्या आणि सळया वापरून आमचेही जोडले.

टाकीच्या बाबतीत आमचा सगळ्यांचाच घोळ झाला. कंपनीने टाकी पुढून काढून मागे नेली, म्हणून आम्हीही न्यायची ठरवली. पुढे असताना पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरत असे. मागे नेल्यावर ते ओढायला कंपनीने पंप दिला होता. मल्लय्याला पंपाची गरज वाटेना.

"आमच्या घरात पाण्याचं पिंप घोडीवर ठेवलंय, वकीलसाहेब. खाली तोटी. पंप कुठं हाय त्याला? टाकी उंच ठेवू, झालं."

सोलापुरात पाण्याची बोंब असायची, घराघरात लोखंडी घोडीवर पिंप ठेवलेलं, त्यामुळे हे आम्हा तिघांनाही ताबडतोब पटलं. मी तर उंची मोजून आकडाही काढून दिला. गाडीच्या पाठीवर लोखंडी घोडी आली, घोडीवर टाकी बसली. सपाटीवर गाडी उत्तम चालली. सोमवारी देवळाच्या वाटेवरच्या चढाला मात्र तिचं नाक वर झालं, टाकी खाली गेली आणि इंजिन गप्प झालं.

उस्मानभाई थांबला. माणसं जमली. वकीलसाहेबांनी थोडा विचार केला, गाडी उताराला सोडून फिरवली आणि चढ उलटा चढायला घेतला. आता टाकी वर, इंजिन खाली. गाडी सुरेख चालली. मागचं त्यांना टाकीमुळे दिसत नव्हतं, म्हणून मी बाहेर वाकून डावं-उजवं सांगत होतो. पुढे टांगा, मागून उलटी मोटार. मला त्या युक्तीचं फार कौतुक वाटलं.

देवळापाशी काकू उतरल्या त्या न बोलता आत गेल्या. परत येतानाही बोलल्या नाहीत.

"लोक हसले म्हणून," मी म्हणालो.

"हसण्याने ती चिडत नाही," वकीलसाहेब म्हणाले. उस्मानभाईला त्यांनी विचारलं, वाटेत काही बोलली का?

उस्मानभाई म्हणाला, "बस इत्ता बोली, आज पीठ दिखाके आए."

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा पुढे आली. लागू झालेलं कलम मागे घेण्याची ही एकच वेळ. वकीलसाहेबांना त्यातून काय कळलं, ठाऊक नाही. मला काहीच कळलं नाही.

ह्याच्या पुढच्या एका कॅटलॉगात कंपनीने गाडी सहा इंच लांब केली, मागच्या माणसाला पाय सोडून बसता यावं म्हणून. वकीलसाहेबांनी ते पान मला तीनदा वाचायला लावलं.

"बघा! काकूंची हरकत विलायतेला मान्य झाली."

"पण साहेब, म्हणजे ही गाडी मधून कापायची म्हणता?"

"कापायची आणि जोडायची."

मल्लय्याही ह्या वेळी डोकं खाजवत होता. "कापलं तर जोडतो. पण जोडलेलं कापड आणि जोडलेली गाडी, ताण पडल्यावरच कळतंय बघा."

काम दोन महिने चाललं. मधल्या काळात गाडीचे दोन तुकडे अंगणात पडलेले असत आणि वकीलसाहेब कोर्टात जाताना दोन्हींकडे पाहून जात. त्या सोमवारी आणि पुढच्या कित्येक सोमवारी काकू एकट्याच टांग्यातून गेल्या. वकीलसाहेब मल्लय्याजवळ थांबत. आमच्या घरात माझी पत्नी मला म्हणाली, "काकू हल्ली देवळातून लवकर येतात." मी म्हणालो, "मागून मोटार नाही, टांगा जोरात येत असेल." मला ते उत्तर बरोबर वाटलं.

त्याच कॅटलॉगात चौथा गिअरही होता. तो मल्लय्याला जमला नाही. वकीलसाहेबांनी सोडून दिला. टांग्यामागे दुसऱ्या गिअरच्या वर जायचा प्रसंगच येत नव्हता.

गाडी जोडून झाली. मोठं दार, आत पायरी, मागे स्प्रिंगची नवी गादी, मापून सहा इंच जागा जास्त. करमाळ्याचा तो शेतकरी दाव्याचा निकाल लागल्याचे पेढे घेऊन आला होता, त्यालाच आधी बसवला. तो आत पाय पसरून म्हणाला, "लई ऐसपैस हाय. हितंच निजतो बगा."

सोमवारी वकीलसाहेब कोर्टातून लवकर आले. दाढी केलेली होती. त्यांनी गाडीचं दार स्वतः उघडलं आणि धरून उभे राहिले. एवढी मोठमोठ्या न्यायाधीशांपुढे उभी राहिलेली असामी, पण मी त्यांना तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी गाडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या पत्नीचा हात धरून म्हणाल्या, "चल गं. तू बी चल," आणि दोघी आत बसल्या. पदर अडकला नाही, गुडघा लागला नाही. गल्लीतली एक म्हातारी टाळ्या वाजवून हसली.

वकीलसाहेबांनी उस्मानभाईला रिकामा टांगा घेऊन मागून यायला सांगितलं. "असू दे. सवय आहे."

वाटभर गाडीने काही दगा दिला नाही. मल्लय्याचा जोड करकरला, पण टिकला. चढही सरळ चढली. वकीलसाहेब मधेच भोंपू एकदा दाबत, थोडं थांबत, आणि मागून काही खूण येत नसे. मी वळून पाहिलं. काकू मांडीवर हात ठेवून, ताठ, समोर पाहत बसल्या होत्या.

देवळापाशी उतरल्या. दर्शन घेतलं. बाहेर तळ्याकाठी आलो तर काकू सरळ चालत गेल्या आणि टांग्यात, आपल्या नेहमीच्या मागच्या जागेवर बसल्या.

वकीलसाहेब जवळ गेले. हातात पगडी तशीच.

"काय राहिलं?" ते म्हणाले. "जागा केली. दार केलं. पायरी केली. गादी केली. कंपनीने जे जे केलं ते सगळं केलं."

"चांगलं केलं. बसायला लई बेस हाय."

"मग?"

"कंपनीला काय ठावं?" काकू म्हणाल्या. "घरात सकाळधरनं तुमचे पक्षकार. ताट वाढायचं तर तितं चार माणसं. तुमी कचेरीत, मी चुलीपाशी. सोमवारचं तेवढं ह्या टांग्यातनं तुमचं तोंड दिसतं. त्या गाडीत बसून काय बघायचं? तुमचं टक्कल?"

माझी पत्नी पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागली. उस्मानभाई घोड्याची मान चोळत बसला होता. तो घोड्यालाच म्हणाला, "सुन्या क्या? अपनी नौकरी पक्की."

मला वाटलं, पाच-सहा वर्षांचा खर्च वकीलसाहेबांच्या डोळ्यांपुढे येत असेल. माझ्या डोळ्यांपुढे तर येत होता. पण त्यांनी हातातली पगडी एकदा ह्या हातातून त्या हातात घेतली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी बसले न्हवते, तर कळणार कसं? आज बसले, आज कळलं."

त्यांनी मान किंचित झुकवली. कोर्टात झुकवत तशीच. "हरकत मान्य," ते म्हणाले.

परत येताना टांगा पुढे, मोटार मागे. माझी पत्नी आमच्या गाडीत, त्या सहा इंच वाढलेल्या जागेत एकटीच पाय सोडून बसली होती. चढ उतरताना काकूंनी दोन बोटं वर केली. वकीलसाहेबांनी भोंपू एकदा दाबला. आम्हा दोघांनाही रात्री त्यांच्याकडे जेवायला ठेवलं होतं, हे घरी गेल्यावर समजलं.

जेवताना वकीलसाहेब अचानक म्हणाले, "टांग्याची बैठक फार कडक आहे, नाही?" काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "आज कळलं व्हय?"

त्याच आठवड्यात मल्लय्याला बोलावणं गेलं. त्याने बेबीच्या मागची स्प्रिंगची गादी काढली आणि उस्मानभाईच्या टांग्याच्या मागच्या बाजूला बसवली. अगदी नेमकी बसली नाही, दोन्ही बाजूंनी थोडी कापावी लागली. उस्मानभाई तिच्यावर उड्या मारून पाहत होता. "अब मेरा टांगा भी नवा मॉडल," म्हणाला. बेबीच्या मागच्या मोकळ्या जागेत पुढे माझी मुलं पाटावर बसून येत.

नवे कॅटलॉग त्यानंतरही येत राहिले. वकीलसाहेब ते वाचत, पण लाल पेन्सिल न घेता.

गादी बसवण्याची मजुरी सव्वा रुपया झाली. मी सवयीने वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी खिशात हात घातला होता, पण काकूंनी त्यांना थांबवलं. दसऱ्याच्या दिवशी दिलेला शब्द काकूंना आठवत असावा, आणि तो मोडत नाही हेही त्यांनी पाहून घेतलं असावं. पैसे गाडीसाठी नव्हते, टांग्यासाठी होते. त्यांनी कनवटीची गाठ सोडली, सव्वा रुपया मोजून मल्लय्याच्या हातावर ठेवला आणि वर एक नारळ दिला.